कासदाह बरा होऊनही पुन्हा का उलटतो?

बुलडाणा जिल्ह्यात सोयाबीन, कपाशीचा पैसा हंगामात एकदाच हाती येतो. रोजचा घरखर्च चालतो तो दुधावर. त्यामुळे गाईचे किंवा म्हशीचे एक सड निकामी झाले, तरी त्याची झळ थेट घराला बसते. कासदाह, म्हणजे आपल्याकडची ‘दगडी’, झाल्यावर इंजेक्शन दिले की सूज उतरते, दूध साफ दिसते. पण महिन्या-दोन महिन्यांत त्याच सडात पुन्हा गाठी दिसतात. अशा वेळी औषधाला किंवा डॉक्टरांना दोष दिला जातो. अनेकदा खरे कारण असते ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हा जिवाणू.

जिवाणू येतो कोठून?

सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. कासदाहाचे काही जिवाणू शेण-चिखलातून येतात. याचे मुख्य घर मात्र आजारी जनावराची कास आणि सडावरील जखमा, भेगा हेच असते. एका जनावराकडून दुसऱ्याकडे तो पोहोचतो धार काढणाऱ्याच्या हातातून, कास पुसण्याच्या एकाच फडक्यातून किंवा दूध काढण्याच्या यंत्राच्या कपातून. अंगठा मुडपून धार काढल्यास सडाला इजा होते आणि त्याला जागा मिळते. धार काढल्यानंतर सडाचे छिद्र पूर्ण मिटायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. या वेळेत जनावर ओल्या जमिनीवर बसले, तर इतर जिवाणूंनाही वाट मोकळी मिळते.

औषधाला दाद का देत नाही?

- आत शिरल्यावर हा जिवाणू दूधनलिकांच्या अस्तराला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतो. या थरातून औषध नीट आत जात नाही.
- त्याला मारायला आलेल्या पांढऱ्या पेशींच्या पोटातही तो जिवंत राहतो. अनेक प्रतिजैविके तेथे पुरेशी पोहोचत नाहीत.
- शरीर त्याच्याभोवती घट्ट तंतूंची भिंत उभारते. कासेत हाताला लागणारी कडक गाठ अनेकदा तीच असते. तेथे रक्तपुरवठा कमी, म्हणून औषधही कमी.
- काही प्रकार पेनिसिलीन तोडणारे विकर तयार करतात. काहींनी तर औषध जेथे चिकटते ती जागाच बदलली आहे. माणसांच्या उपचारात मेथिसिलीन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारे स्टॅफ जिवाणू सापडले.

सूज उतरली म्हणून दुसऱ्या दिवशीच उपचार थांबवले, तर कमजोर जिवाणू मरतात आणि चिवट उरतात. पुढच्या वेळी तेच औषध निष्प्रभ ठरते.

सुप्त कासदाह कसा ओळखावा?

बऱ्याच जनावरांत सूज नसते, दूधही साधेच दिसते; फक्त उत्पादन घटते. घरच्या घरी तपासणीसाठी अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवावी. प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत घेऊन त्यात तेवढेच द्रावण मिसळावे आणि मिनिटभर गोल फिरवावे. मिश्रण घट्ट, चिकट झाले तर त्या सडात दाह आहे. नेमका जिवाणू मात्र प्रयोगशाळेतच कळतो.

उपचार करताना

- प्रतिजैविक देण्यापूर्वीच दुधाचा नमुना पशुवैद्यकांकडून घ्यावा आणि कोणते औषध लागू पडते याची चाचणी करावी. मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणून सोडू नये.
- सांगितलेला कोर्स पूर्ण करावा.
- पहिल्या वेतातील, लवकर लक्षात आलेले जनावर बरे होण्याची शक्यता जास्त. जुना, अनेक सडांतील आजार क्वचितच पूर्ण बरा होतो. असे जनावर गोठ्यात ठेवायचे की नाही, हे पशुवैद्यकांशी बोलून ठरवावे.
- जनावर आटवताना सडात सोडायच्या औषधाबाबत विचारावे. भाकड काळात औषध कासेत जास्त दिवस टिकते.

फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

रोजची काळजी

- निरोगी जनावरांची धार आधी, आजारी जनावराची सर्वांत शेवटी काढावी.
- प्रत्येक जनावरापूर्वी हात साबणाने धुवावेत. कास पुसायला प्रत्येकासाठी वेगळे, स्वच्छ, कोरडे फडके वापरावे.
- धार पूर्ण मुठीने काढावी.
- धार संपताच प्रत्येक सड पोव्हिडोन आयोडीन व ग्लिसरीनयुक्त सडधावनात बुडवावे.
- नंतर लगेच वैरण टाकावी, म्हणजे जनावर उभे राहील.
- आजारी सडाचे दूध गोठ्यात जमिनीवर पिळू नये, वासरालाही पाजू नये.

दूध उकळले म्हणजे झाले?

नाही. उकळल्याने जिवाणू मरतो. पण दूध कोमट राहून त्याने आधीच सोडलेले विष उकळूनही टिकते. असे दूध प्यायल्यास काही तासांतच उलट्या, पोटदुखी होते. म्हणून आजारी सडाचे दूध डेअरीच्या कॅनमध्ये किंवा घरच्या पातेल्यात मिसळू नये. उपचार सुरू असताना आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत त्या जनावराचे दूध विकू नये.

या जिवाणूला कासेतून हुसकावणे अवघड, पण दुसऱ्या कासेपर्यंत जाण्यापासून रोखणे आपल्या हातात आहे. साबण, वेगळे फडके आणि सडधावन यांचा खर्च एका निकामी सडाच्या नुकसानीपुढे फारच थोडा आहे.