ई-रुपया : नोटच, पण मोबाइलमधली

यूपीआयने पैसे दिले की बँकखात्यातून वळते होतात. ई-रुपया म्हणजे मात्र रिझर्व्ह बँकेनेच काढलेलं चलन. वॉलेटमधून थेट वॉलेटमध्ये जाणारं. बिटकॉइनसारखा त्याचा भाव चढत-उतरत नाही आणि पडून राहिला तर व्याजही नाही. सर्वसामान्यांसाठीची चाचणी १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. पुढच्याच महिन्यात उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी रिझर्व्ह बँकेजवळच्या फळवाल्याकडून याच रुपयाने डाळिंबं घेतली. आता यूपीआयचा क्यूआर कोडही चालतो, म्हणजे दुकानदाराला वेगळी पाटी नको. पण मग गिऱ्हाइकाने ॲप बदलावं कशाला? (बँकांनाही हे नीट सांगता आलेलं नाही.) खरी गरज आहे ती रेंज नसलेल्या आठवडी बाजारात, इंटरनेटशिवाय पैसे देण्याची.