आधी काचपट्टी, मग इंजेक्शन

कर्जत-खालापूरकडे कुत्र्याने जेवण सोडलं, अंग तापलं, की घरचेच सांगतात, गोचीड ताप आहे. बहुतेकदा ते खरंही असतं. पण औषध ठरवायला तेवढं पुरत नाही, कारण या तापामागे वेगवेगळे जंतू असतात.

तपकिरी गोचीड एर्लिकिया पसरवते. हा जीवाणू पांढऱ्या पेशींत राहतो, प्लेटलेट्स घटतात, नाकातून रक्त येतं. बबेशिया हा मात्र मलेरियाच्या जंतूसारखा एकपेशीय परजीवी. तो तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. त्यातली बबेशिया गिब्सोनी ही जात पॅटन यांनी 1910 मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तातून नोंदवली. ती कुत्र्यांच्या भांडणातल्या चाव्यांतूनही पसरते. हेपॅटोझून हा आणखी एक परजीवी तर गोचीड गिळल्यावर शरीरात शिरतो.

म्हणून औषध सुरू करण्याआधी रक्त घ्यायलाच हवं. कानाच्या टोकाला टोचून निघालेला थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला, तर बबेशिया सापडण्याची शक्यता वाढते. पट्टीत काही दिसलं नाही म्हणून रोग नाही, असं मात्र नाही. मुंबई, दिल्ली, सिक्कीम आणि लडाखमधल्या भटक्या कुत्र्यांवरच्या 2011 च्या अभ्यासात पीसीआर या जनुकीय चाचणीने सूक्ष्मदर्शकापेक्षा कितीतरी जास्त संसर्ग पकडले. झटपट किट दाखवतं ती प्रतिपिंडं उपचारानंतरही महिनोन्‌महिने टिकतात. तेवढ्यावर आजचा ताप ठरवू नये.

एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन, साधारण 28 दिवस. बबेशियाच्या मोठ्या आकाराच्या जातीला इमिडोकार्बची दोन इंजेक्शनं, 14 दिवसांच्या अंतराने. गिब्सोनी याच इंजेक्शनाला सहसा दाद देत नाही. तिच्यासाठी अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन 10 दिवस द्यावं लागतं, आणि अॅटोव्हाक्वोन महाग आहे. रक्त फारच उतरलं असेल तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं.

मला खरी काळजी वाटते ती फार्महाऊसवरच्या कुत्र्यांची. मालक रविवारी मुंबईला परततो, गोळ्या राखणदाराच्या हाती. दोन-तीन दिवसांत कुत्रा शेपूट हलवू लागतो आणि डोस थांबतो. एर्लिकिया मग शरीरात दबून राहतो. काही कुत्र्यांत पुढे अस्थिमज्जाच निकामी होते. राखणदाराला तारखा लिहून द्या, गोळी खाण्यासोबत द्यायला सांगा.

घराकडेही बघा. रक्ताने टम्म फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही, फटी आणि बिछानाही साफ करावा लागतो. गुरांचं गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्याला फासू नका, ते जिवावर बेतू शकतं. मात्रा पशुवैद्यालाच ठरवू द्या, आणि कोर्स संपल्यावर रक्त पुन्हा तपासून घ्या.