मनगटावरचा वाटाड्या

पावसाळा लागला की शिवाजी पेठेतल्या पोरांना पन्हाळा ते पावनखिंड पायी जाण्याचे वेध लागतात. हल्ली अनेकांच्या मनगटावर उंची, हवेचा दाब आणि दिशा दाखवणारे घड्याळ असते. पण ते वापरले जाते फक्त वेळ पाहण्यापुरते!

हे घड्याळ बहुधा हवेच्या दाबावरून उंची काढते. साधारण 8 मीटर चढले की दाब 1 मिलिबारने उतरतो. म्हणून हवा बिघडून दाब उतरला, तर बसल्या जागीही उंची वाढलेली दिसते. निघताना ठाऊक असलेली उंची त्यात भरून घ्या. मुक्कामी आकडा झपाट्याने वाढू लागला, तर वादळी पावसाची शक्यता ओळखा आणि ओढा ओलांडायची घाई करू नका.

होकायंत्र लोखंड, चुंबक, मोबाईलपासून दूर धरा. कोल्हापुरातून किब्ला सुमारे 284 अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या किंचित उत्तरेला आहे. रानात नमाजाची वेळ झाली, तर हा आकडा कामी येईल.

'50 मीटर' लिहिले म्हणजे तेवढी खोल बुडी मारता येते, असे नव्हे. पाण्यात बटणे दाबू नका. घरी आल्यावर चिखल, घाम साध्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने टिपा. दाबमापकाची छिद्रे सुईने कोरू नका. वुजू करताना घड्याळ काढा किंवा सरकवा, पट्ट्याखालची कातडी कोरडी राहू नये.

बॅटरी कधीही संपू शकते. तेव्हा साधे होकायंत्र सोबत ठेवा आणि परतीची वेळ घरी सांगूनच उंबरा ओलांडा.