बीपी उतरलं, तरी कार्ड जपा

"पोटुशी असताना बीपी वाढलं होतं, बाळंत झाले अन् उतरलं," असं बचत गटात एखादी तरी सांगते. पण उतरलं म्हणजे विषय संपला, असं नाही.

गरोदरपणात हृदयाला जवळजवळ दीडपट रक्त फिरवावं लागतं. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, तर रक्तवाहिन्यांना हा ताण झेपत नाही, असा इशारा समजा. अशा बाईला पुढं हृदयविकाराचा आणि लकव्याचा धोका साधारण दुप्पट असतो. वेळेत लक्ष दिलं, तर तो कमी करता येतो.

म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड टाकून देऊ नका. भूम, वाशी, कळंबकडच्या बायांनी ऊसतोडीला जातानाही ते सोबत न्यावं. वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासा. तिशीनंतर उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते. कुठल्याही डॉक्टरांना जुन्या बीपीचं आपणहून सांगा. मिश्री सोडा, पापड-लोणचं कमी करा. बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यात डोकं फार दुखलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत बचत गोळा करताना एकमेकींना एवढं विचाराच, "तुझं बीपी वाढलं होतं का गं?"