दूध, गवत, खुराक : वासराच्या पोटातला हिशेब

वासरू आईचं दूध पितंय, सोबत गवतही खातंय. आता त्याला रोज एक किलो खुराक सुरू केला. त्याच्या पोटात रोज किती अन्न जादा जाईल? ‘एक किलो’ असं उत्तर पटकन तोंडावर येतं आणि बहुतेक वेळा चुकतं. ते का चुकतं हे समजून घेतलं, तर पशुपोषणच नाही, कुठल्याही विषयात प्रयोग आखताना तुम्हाला उपयोगी पडेल.

आधी हा प्रश्न येतो कुठून ते पाहू. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाचा भाग आहे. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर पसरलेली गवताळ कुरणं. तिथे अँगस, हेरफर्ड अशा मांसासाठीच्या जातींच्या गायी पाळतात. आपल्याकडे वासराला किती पाजायचं ते धार काढणारा ठरवतो. तिथे या गायींची धार काढतच नाहीत. वसंतात जन्मलेलं वासरू आईबरोबर कुरणात फिरतं आणि साधारण सहा-सात महिन्यांचं झालं की त्याचं दूध तोडतात. बरेच पशुपालक वासरं तेव्हाच विकतात. म्हणजे त्या दिवशीचं वासराचं वजन ही त्या घराची जवळजवळ वर्षाची कमाई.

अडचण अशी की गायीचं दूध व्याल्यानंतर दोनेक महिन्यांत सर्वांत जास्त असतं, मग उतरत जातं. उन्हाळा सरत येतो तसं गवत जून होतं, त्यातली प्रथिनं घटतात. वासराची भूक मात्र वाढतच असते. ही तूट भरायला ‘क्रीप फीडिंग’ करतात. खुराकाच्या गव्हाणीभोवती कुंपण घालून त्याला इतकी अरुंद फट ठेवायची, की वासरू आत जाईल आणि गाय बाहेरच राहील.

आता पोटाकडे वळू. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. मोठ्या गायीत एकूण क्षमतेपैकी सुमारे ८० टक्के जागा एकट्या कोटीपोटाची. तिथे सूक्ष्मजीव चारा आंबवतात. नवजात वासरात मात्र मोठा असतो तो चौथा कप्पा, म्हणजे आपल्या जठरासारखं काम करणारं खरं पोट. वासरू आचळ चोखू लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली एक खाच मिटून नळीसारखी होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट खऱ्या पोटाकडे जातं. गवत आणि खुराक मात्र कोटीपोटात पडतात. चार-पाच महिन्यांचं वासरू म्हणजे एकाच कातडीत दोन प्राणी : दुधापुरता एकपोटी, गवतापुरता रवंथ करणारा.

कोटीपोट वाढतं कशाने, यावर कॉर्नेल विद्यापीठात १९५०च्या दशकात सुंदर प्रयोग झाले. वासरांच्या कोटीपोटात प्लास्टिकचे स्पंज ठेवले, तर कप्प्याचा आकार वाढला, पण आतल्या भिंतीवरचे शोषणाचे अंकुर काही वाढले नाहीत. ब्युटिरेट आणि प्रोपिओनेट हे आंबवणीतून तयार होणारे पदार्थ दिले, तेव्हा अंकुर वाढले. नुसतं पोट भरून भागत नाही. आत काय तयार होतं, ते महत्त्वाचं. प्रयोगाची आखणीही बघा. ‘भरल्याचा’ परिणाम आणि ‘आंबल्याचा’ परिणाम त्यांनी वेगळे काढले. तुमच्या विषयातही असे दोन परिणाम एकमेकांत गुंतलेले असतील, तर ते कसे सोडवणार, हे आधी ठरवा.

दोन वाटा असल्यामुळे आणखी एक गंमत होते. दुधातली उत्तम प्रथिनं वासराला मिळतात, पण कोटीपोटातल्या सूक्ष्मजीवांच्या वाट्याला ती थेट येत नाहीत. त्यांचा नायट्रोजन गवतातून येतो, थोडा लाळेतून परतणाऱ्या युरियातून. जून गवतात कच्ची प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली, की सूक्ष्मजीवांचं काम मंदावतं, चारा हळू पचतो आणि जनावर कमी खातं. म्हणून खुराक कुठला द्यायचा, हा खरा प्रश्न. कोटीपोटात विरघळणारी प्रथिनं थोडी दिली, तर सूक्ष्मजीवांना बळ मिळून गवत जास्त खाल्लं जाऊ शकतं. मक्यासारखं पिष्टमय धान्य मुबलक दिलं, तर कोटीपोटातली आम्लता वाढते. सामू ६च्या खाली गेला, की तंतू पचवणारे जिवाणू ढेपाळतात. वासरू दाण्याने पोट भरतं आणि गवत सोडतं. याला ‘प्रतिस्थापन’ म्हणतात : खुराक गवतात मिळवला जात नाही, त्याची जागा घेतो. मुबलक धान्य ठेवल्यावर एक किलो जादा वजनासाठी आठ-दहा किलो खुराक लागणं म्हणूनच नवलाचं नाही.

मग वासराने गवत किती सोडलं, हे मोजायचं कसं? कुरणातलं वासरू काही ताटात घेऊन खात नाही. दुधासाठी युक्ती आहे : वासराला काही तास आईपासून दूर ठेवायचं, वजन करायचं, पाजायचं, लगेच पुन्हा वजन करायचं. मधेच त्याने शेण टाकलं, की आकडा गेला. गवतासाठी शेणाकडूनच उलट जातात. रोजचं शेण पिशवीत गोळा करायचं किंवा क्रोमिक ऑक्साइडसारखा न पचणारा पदार्थ पाजून त्याच्या प्रमाणावरून अंदाज काढायचा. मग सूत्र सोपं : खाल्लेलं गवत म्हणजे गवतापासूनचं शेण भागिले न पचलेला अंश.

हे सूत्र कसं फसवतं, ते आकड्यांत बघू. आकडे समजावण्यापुरते आहेत, सगळे कोरड्या वजनाचे. दुधाचा अंश जवळजवळ सगळा पचतो, म्हणून तो सोडून देऊ. खुराक नसलेल्या वासराचं शेण १.२ किलो, गवताची पचनीयता ६० टक्के. म्हणजे त्याने गवत खाल्लं १.२ भागिले ०.४, म्हणजे ३ किलो. दुसऱ्याला १ किलो खुराक दिला आणि त्याचं शेण १.३ किलो भरलं. खुराक ८० टक्के पचतो असं धरलं, तर त्याचं ०.२ किलो वजा करून गवताचं उरतं १.१. पचनीयता तीच, ६० टक्के मानली, तर गवत २.७५ किलो, सोडलं फक्त पाव किलो. पण खुराकामुळे गवताची पचनीयता ५५ टक्क्यांवर आली असेल, तर गवत निघतं २.४४ किलो. म्हणजे सोडलं ०.५६ किलो, दुपटीहून जास्त! शेण तेच, वासरू तेच, निष्कर्ष मात्र वेगळा. जे तपासायला निघालो तेच सूत्रात गृहीत धरलं, की असं होतं. म्हणून पचनीयता प्रत्येक गटात वेगळी मोजावी लागते. त्यासाठी काही वासरांच्या कोटीपोटाला शस्त्रक्रियेने झाकणाचं छिद्र ठेवतात आणि बारीक नायलॉनच्या पिशवीत गवत घालून ते किती तासांत किती पचतं ते बघतात.

शेवटची गोष्ट संख्येची. एका कुरणात २० वासरं, एक गव्हाण. दुसऱ्या कुरणात २० वासरं, गव्हाण नाही. तुमचे नमुने किती? ४० नव्हे. उपचार कुरणाला दिलाय, म्हणून प्रत्येक बाजूला नमुना एकच. पहिल्या कुरणात पाणी जवळ असेल किंवा गवत बरं असेल, तर तो फरक खुराकाच्या नावावर जमा होईल. कुरणंच जास्त घ्यायची, नाहीतर प्रत्येक वासराला खुराक वेगळा मोजून द्यायचा. हे परीक्षकांनी सांगेपर्यंत थांबलात, तर तोवर वासरं विकली गेलेली असतात, वर्ष गेलेलं असतं.

तेव्हा आराखडा लिहायला बसलात, की एका कागदावर तीन ओळी लिहा. मी जे देणार आहे, त्यामुळे आधीचं काय कमी होईल? ते मी प्रत्यक्ष मोजणार आहे की गृहीत धरणार आहे? आणि माझा उपचार नेमका कोणाला मिळतोय, एकेका जिवाला की अख्ख्या गटाला? ही उत्तरं घेऊन मार्गदर्शकांकडे जा. बहुतेक वेळा चर्चा दुसऱ्या ओळीवरच अडेल. तिथे घाई करू नका. पुढची दोन-तीन वर्षं त्या ओळीवर उभी राहणार आहेत.