धास्ती कशाची धरावी?

तिशी-चाळिशी ओलांडल्यावर मोटारसायकल शिकायचं ठरवणाऱ्या माणसाच्या मनात क्लास सुरू होण्याआधी जी यादी तयार होते, ती बहुतेकांची सारखीच असते. भर चौकात गाडी बंद पडली तर? पाय जमिनीला नीट टेकतील का? एवढं वजन एका बाजूला झुकलं तर सावरेल का? बरोबरची मुलं विशीतली असतील, त्यांच्यात आपण एकटेच थोराड दिसू. शिकवणारा सगळ्यांसमोर ओरडला तर? घरातली मंडळी या सगळ्यावर एकच उतारा देतात: ‘घाबरू नकोस, काही होत नाही, दोन दिवसांत येते.’ सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण तो खरा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक. तेव्हा दुचाकीची धास्ती वाटणाऱ्या माणसाला भित्रा म्हणण्याचं कारण नाही. त्याने परिस्थिती बरोबर ओळखली आहे. घोळ दुसरीकडे आहे. वरच्या यादीतल्या गोष्टींनी सहसा कोणाचा जीव जात नाही, आणि ज्यांनी जातो त्या या यादीत नसतातच. चांगल्या प्रशिक्षणाने भीती घालवू नये, ती चुकीच्या जागेवरून उचलून योग्य जागी नेऊन ठेवावी, असं माझं म्हणणं आहे.

आधी यादीतल्या गोष्टी बघू. गाडी बंद पडते ती क्लच पटकन सुटल्यामुळे. क्लच पूर्ण दाबलेला असताना इंजिन आणि मागचं चाक यांचा संबंध तुटलेला असतो. तो हळूहळू सोडत आणला की मध्ये एक छोटासा टप्पा येतो. तिथे क्लचच्या चकत्या घासत घासत एकमेकींना धरू लागतात आणि गाडी पुढे सरकते. याला आपल्याकडे सगळे हाफ क्लच म्हणतात. हा टप्पा डोक्याला पाच मिनिटांत कळतो, बोटांना कळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात इंजिन एक हिसका देऊन बंद पडतं. म्हणून नीट आखलेल्या क्लासचा पहिला तास रहदारीत नसतो. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत न्यायची, वळवायची, स्टँडवर लावायची, तिच्या वजनाचा अंदाज घ्यायचा. मग फर्स्ट टाकून, रेस न देता, नुसत्या क्लचवर गाडी हातभर पुढे न्यायची आणि थांबवायची. पुन्हा न्यायची, पुन्हा थांबवायची. कंटाळवाणं वाटतं, पण गाडी बंद पडण्याची भीती या कंटाळ्यातच विरून जाते. वजनाचंही तसंच. साध्या १०० सीसीच्या स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास असतं, बुलेट क्लासिक ३५० चं १९५ किलो. शिकायला कोणती गाडी घ्यावी हे या दोन आकड्यांवरूनच ठरावं. घरात बुलेट उभी आहे म्हणून तिच्यावरच शिकण्याचा हट्ट नको. तोलाची तर गंमतच आहे. नवशिक्याला वेगाची भीती वाटते म्हणून तो अगदी हळू चालवायला जातो, आणि दुचाकी नेमकी हळू चालवतानाच डगमगते. थोडा वेग मिळाला की ती बरीचशी आपली आपण सरळ राहते. शिकताना होणारी पडझड बहुतेक चालण्याच्या वेगात होते, आणि तिचं नेहमीचं कारण म्हणजे हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक करकचून दाबणं. त्यात गुडघा खरचटतो, आरसा मोडतो, लोक बघतात. वाईट वाटतं, पण निभावतं.

मग भ्यायचं कशाला? याचं उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटारसायकल अपघातांच्या जागी स्वतः जाऊन पाहणी करत होते. अशा ९०० अपघातांचा सविस्तर अभ्यास आणि पोलिसांकडच्या ३,६०० नोंदी यांवर आधारलेला त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन चतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरीचे होते, आणि त्यांतल्या दोन तृतीयांश प्रसंगी समोरच्या वाहनाने मोटारसायकलवाल्याचा जाण्याचा हक्क डावलला होता. मोटारसायकल दिसलीच नाही, असं त्या चालकांचं म्हणणं असे. वेग बघावा तर धोक्याच्या आधी गाडी ताशी साधारण ४८ किलोमीटरने चाललेली. पुण्या-नाशकात कोणीही रोज चालवतो तेवढीच. धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत चालकाच्या हातात दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता. अहवाल जुना आहे, रस्ते परके आहेत, हे मान्य. आपल्याकडे उलट्या बाजूने येणारं वाहन, अचानक उघडणारं मोटारीचं दार, पट्टे पुसून गेलेला गतिरोधक आणि वळणावर सांडलेली खडी यांची भर आहे. पण त्यामुळे मुद्दा आणखी पक्काच होतो. धोका चौकात, वळणाऱ्या वाहनात आणि आपण दिसत नसण्यात असतो. ताशी ४० च्या वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते, आणि नवशिक्याची नजर मात्र पुढच्या चाकावर किंवा गिअरच्या पायाकडे खिळलेली असते.

ब्रेकविषयी तर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या उलटी भीती शिकवली गेली आहे. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर आपटशील’ हे वाक्य न ऐकता मराठी घरात कोणी दुचाकी शिकलं असेल असं वाटत नाही. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो. पुढचं चाक रस्त्यावर अधिक घट्ट दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबवण्याचं बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो, आणि नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला तर हलकं झालेलं चाक अडकून घसरतं. हर्ट यांच्या अहवालात नेमकं हेच दिसलं: ऐन वेळी चालकांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. घरच्या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे, तो वाळूवर, ओल्या शेणावर, पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या रस्त्यावर आणि वळलेल्या हँडलवर लागू होतो. पण अपवादाचा नियम झाला आणि नियम शिकवायचा राहून गेला. सरकारनेही यंत्राकडून थोडी मदत घेतली आहे. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना चाक अडकू न देणारं एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक लावणारी रचना सक्तीची झाली. तरी ब्रेक किती आणि कसा दाबायचा हे हाताला आधी माहीत असावं लागतं. दोन सेकंदांत ते शिकता येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: आपण सगळे दादाकडून, काकांकडून, शाळेच्या मैदानावरच शिकलो, काय बिघडलं? ज्यांचं बिघडलं ते सांगायला समोर नसतात, हे एक उत्तर. दुसरं असं की मैदानावर दादा शिकवतो ती गाडी पुढे न्यायची कला. ती आली की शिकवणं संपतं. चौक कसा वाचावा, मोटारीच्या चालकाला आपण दिसतोय का हे कसं ओळखावं, ब्रेक कसा चढवत न्यावा, हे दादालाही कोणी शिकवलेलं नसतं. हर्ट यांच्या पाहणीतल्या अपघातग्रस्तांपैकी ९२ टक्के चालक स्वतःचे स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकले होते. शिवाय घरचा शिक्षक आणि शिकणारा यांच्यात नातं असतं. नवरा बायकोला शिकवायला बसतो, पहिल्या हिसक्याला ‘अगं ब्रेक, ब्रेक!’ असा आवाज चढतो, आणि दहा दिवसांत गाडीचं नाव काढणंच बंद होतं. एका चुकीमुळे आपल्याविषयीचं मत बदलेल असं ज्याच्यापुढे वाटतं, त्याच्यासमोर चुका करत शिकणं फार अवघड असतं. अनेक शहरांत बायकांना स्कूटर शिकवणाऱ्या बायकांकडे मुली आणि गृहिणी जातात, त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो अभ्यासकांचा आहे. प्रशिक्षणाने अपघात कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही. कोक्रेन या संस्थेने २०१० मध्ये मोटारसायकल प्रशिक्षणावरच्या २३ अभ्यासांचा आढावा घेतला आणि त्यांचा दर्जा इतका डावा-उजवा आहे की ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असं सांगितलं. नॉर्वेत तरुण मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे धडे सक्तीचे केले, तर तरुण पुरुषांचा अपघाताचा धोका उलट वाढल्याचं आढळलं. हा पुरावा नाकारण्याचं कारण नाही. पण तो काय सांगतो ते नीट पाहावं. घसरलेली गाडी सावरता येते असं ज्याला वाटू लागलं, तो बर्फावर वेग कमी करेनासा झाला. कौशल्य थोडं वाढलं आणि भीती त्याहून जास्त कमी झाली. म्हणून शेवटच्या दिवशी ‘आता तुला सगळं येतं’ असं सांगणारा क्लास मला धोक्याचा वाटतो. क्लच, गिअर, तोल यांची धास्ती पूर्ण गेलेली असावी आणि चौकाची धास्ती येताना होती त्यापेक्षा वाढलेली असावी, अशा मनाने माणूस बाहेर पडला तर शिकवणं सार्थकी लागलं.

घाबरलेला माणूस शिकणार कसा, हा प्रश्न उरतो. हँडलवर मुठी आवळल्या की खांदे ताठ होतात, हात ताठ झाले की हँडल हलकं वळत नाही आणि गाडी आणखी डगमगते. हे खरंच होतं. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉड्सन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अवघड काम शिकताना सौम्य ताण उपयोगी पडला आणि तीव्र ताणाने शिकणं बिघडलं. पण नवशिक्याच्या अंगातला तीव्र ताण बहुतेक लोकांच्या नजरेचा आणि नापास होण्याचा असतो, आणि तो क्लासच्या आखणीतून कमी करता येतो. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवशिक्याला रस्त्यावर एकटं जाण्याआधी सीबीटी नावाचं मूलभूत प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्याचे पाच टप्पे असतात, शेवटचा निदान दोन तास प्रत्यक्ष रस्त्यावरचा. त्यात पास-नापास नाही. एक टप्पा प्रशिक्षकाच्या मनासारखा झाला की पुढचा. न जमल्यास आणखी वेळ घ्यायचा. एवढ्या एका गोष्टीने केवढा भार उतरत असेल! सरावाच्या वाटणीचाही विचार हवा. ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना ॲलन बॅडली आणि लाँगमन यांना १९७८ साली दिसलं, की रोज एक तास शिकणाऱ्यांना रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण तास कमी लागले. बोटांचं काम बोटांनाच मुरवून घ्यावं लागतं. रविवारी सहा तास गाडी दामटण्यापेक्षा पंधरा दिवस रोज सकाळी पाऊण तास अधिक देऊन जातो. आणि धडधड थांबत नसेल तर शांत होण्यासाठी स्वतःशी भांडत बसू नये. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आलाय’ असं स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली.

आपल्याकडची व्यवस्था या बाबतीत तोकडी आहे. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, ते मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, आणि त्या महिन्यात माणूस काय शिकला, कोणाकडून शिकला, याची दुचाकीच्या बाबतीत फारशी चौकशी होत नाही. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांतल्या मोटारीच्या प्रशिक्षणाला २९ तास ठरवून दिले, त्यांतले आठ वर्गातले आणि एकवीस गाडीवरचे. सर्वात जास्त जीव जिच्यावर जातात त्या दुचाकीच्या परीक्षेत मात्र गाडीने आठचा आकडा काढणं पुरेसं मानलं जातं. आठ काढणं निरुपयोगी नाही, त्यात क्लच आणि हळू वेगातला तोल कळतो. पण थांबता येतं का, हे त्यातून कळत नाही. ब्रिटनच्या परीक्षेत ताशी ५० किलोमीटरच्या वेगावरून अचानक ब्रेक लावून दाखवावा लागतो. आपल्या परीक्षेतही तशी चाचणी घालता येईल. त्याला मोकळी पट्टी, काही शंकू आणि बघणारा जाणकार माणूस पुरतो. तोवर क्लास निवडणाऱ्याने पैसे भरण्याआधी स्वतःच विचारावं: ब्रेकचा सराव किती दिवस देता, दोन्ही ब्रेक एकत्र लावायला शिकवता का, रहदारीच्या रस्त्यावर बरोबर येता का, पहिल्या दिवसापासून हेल्मेट घालायला लावता का? २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं मरण पावली, त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. तेव्हा शिकवणारा मागच्या सीटवर बसणार असेल तर हेल्मेट त्याच्याही डोक्यावर असायला हवं. या प्रश्नांवर जो क्लास नुसतं ‘आठवड्यात लायसन्स काढून देतो’ म्हणतो, तिथे नाव घालू नये.