‘वाइल्ड’ हें विशेषण आणि मावळ प्रांत

मावळासंबंधींचे इंग्रजी लेख मराठींत उतरवितांना ‘वाइल्ड’ हें विशेषण आढळलें कीं ‘रानटी’ असा प्रतिशब्द सहज योजिला जातो. ही योजना कितपत ग्राह्य आहे, याचा येथें विचार करूं.

न पाळलेला पशु, न लावलेली वनस्पति, न कसलेली भूमि, न आवरणारा वारा किंवा क्रोध, आणि नागर रीतीबाहेरचे लोक, या सर्वांस इंग्रजींत हें एकच विशेषण लागतें. मनुष्याचा ताबा नसणें हा त्यांतील समान अर्थ. मराठींत मात्र रानडुक्कर व रानकेळ निराळें, बिकट डोंगर निराळा, सोसाट्याचा वारा व अनावर क्रोध निराळा. ‘रानटी’ शब्द मनुष्यास लागला म्हणजे त्यांत निंदा येते. शिवाय ‘रान’ म्हणजे केवळ अरण्य नव्हे. शेतकऱ्याच्या तोंडीं नांगरलेलें शेतही रानच होय.

आतां लोणावळ्याचा परिसर घ्यावा. नागफणीचा कडा व राजमाचीची वाट यांस तें विशेषण ‘बिकट’ या अर्थीं शोभतें. सात वर्षांनीं फुलणाऱ्या कारवीस ‘रानची’ या अर्थीं. परंतु त्याच डोंगरांत कार्ले, भाजे व बेडसे येथील सुमारें २००० वर्षांपूर्वींचीं लेणीं आहेत. कार्ल्यास वैजयंतीच्या श्रेष्ठीचें व धेनुकाकटच्या यवनांचें दान कोरलेलें आहे. पुढें सतराव्या शतकांत मावळच्या देशमुखांचे वतनाचे तंटे गोतसभेपुढें चालत व निवाड्याचे महजर होत. साक्षी घेऊन कागदावर निवाडा करणारा समाज रानटी कसा म्हणावा? ग्रँट डफनेंही १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत मावळ्यांचें बाह्य रूप गबाळें ठरविलें, तरी त्यांचें चापल्य व इमान मान्य केलें आहे.

तेव्हां हें विशेषण कोणत्या नामास लागलें आहे, हें भाषांतरकारानें प्रथम पाहावें. भूमीस लागलें असल्यास ‘बिकट’ किंवा ‘निर्जन’ म्हणावें. वनस्पतीस व पशूस ‘रान’ हें पद जोडावें. लोकांस लागलें असून लेखकाचा निंदेचा हेतु स्पष्ट असेल, तरच ‘रानटी’ लिहावें, आणि तें मत त्या लेखकाचें आहे हेंही नोंदावें. एरवीं डोंगराचा बिकटपणा तेथील माणसाच्या माथीं बसतो, आणि मूळ लेखकानें न दिलेला निकाल इतिहासांत कायम होतो.